धक्का लांबवताना

चैत्रात धरणाचं पाणी मागं सरतं
आणि माझा फोन वाजायला लागतो.
कौतिका भोईण म्हणते, "दिगूमिस्त्री,
तुझा धक्का बाजेवानी उभाय चिखलात.
वर मिरच्या वाळू घातल्यात. ये कवाबी."
तिला घाई नसते. होडी ती
लेकाला घेऊन ओढत नेते पाण्यापर्यंत.

घाई टाकळकर साहेबांना.
पाटबंधाऱ्यातून निवृत्त, काठाला लागून बंगला,
संध्याकाळी धक्क्याच्या टोकाला खुर्ची,
खाली पाणी पाहिजे म्हणजे पाहिजे.

माझा बाप बैलगाड्या करायचा.
आता माजलगावाच्या आसपास
गाडी कोण विचारतो?
मी धक्के करतो. तेच वाकस, तीच बाभूळ,
फक्त चाक नाही.

बाभूळ पाण्यात टिकते. हवेत टिकते.
कुजते ती दोघांच्या मधे,
पाणी जिथं थोडं चढतं, थोडं उतरतं
त्या वीतभर जागेत.
खांब उपटून बघा:
वर टणक, खाली काळाभोर, दगडासारखा,
आणि मधे बोट घातलं तर भुसा.
तेवढंच कापायचं. जोड द्यायचा.
लतीफकडून पट्टी वाकवून आणायची,
डांबराचे दोन हात.
लोक म्हणतात, अख्खा बदलून टाक.
अख्खा कशाला?

साहेबांना मी ओळखतो, ते मला नाही.
अठ्ठ्याहत्तर साली ते तरणेताठे,
तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून उभे,
आणि लांब, आमच्या मेटापुढं,
दोन रुपये रोजावर
लाल-पांढरी पट्टी धरून दहा वर्षांचा मी.
"डावीकडं घे. अजून थोडी. हां, धर."
मी सरळ धरली होती.
अगदी सरळ, श्वास रोखून.
संध्याकाळी बापाला नोट दाखवली
तर तो बराच वेळ
नुसता आरे तासत राहिला.

यंदा पाणी फार आत गेलं.
सात खांब वाढवावे लागले.
साहेब वरून, खुर्चीतूनच,
"डावीकडं घे. अजून थोडा. हां, धर."
सातव्या खांबाची पहार गुडघाभर गाळात गेली
आणि खण्णकन वाजली.
हातानं उकरलं.
जात्याएवढा नाही, जात्याच्या चौपट,
गोल, आणि मधोमध भोक:
तुंबा बसायचं.
याच दगडावर चाक आडवं ठेवून
बाप लाल तापलेली धाव चढवायचा,
आई घागरीनं पाणी ओतायची
आणि वाफेत दोघंही दिसेनासे व्हायचे.

चाळीसेक वर्षं पाण्याखाली.
कड सुद्धा उडाली नव्हती.

"काय लागलं रे?" साहेबांनी विचारलं.
"दगड."
"मग सरकव बाजूला."
सरकवतो कसला. चार बैलांनी आणलेला तो.
मी खांबाचं बूड तासलं,
तुंब्याच्या मापाचं, डोळ्याच्या अंदाजानं,
आणि भोकात उतरवलं.
एकदा घण मारला. दुसऱ्यांदा लागला नाही.

काम झाल्यावर साहेब खाली आले,
एकेक खांब हलवून बघितला.
सहाही थोडेथोडे डुलले, गाळात डुलणारच.
सातव्याला त्यांनी दोन्ही हात लावले.
"हा एकटाच का हलत नाही?"
"जमीन चांगली लागली."

बिल लिहिताना
सातव्या खांबाची खोदाई मी धरली नाही.
साहेबांनी चष्मा लावून दोनदा बेरीज केली.
"चुकलंय तुझं. कमी लावलेस."
आकड्यांत माणूस पक्का, तेव्हाही होता.
"असू द्या," म्हटलं,
आणि पहार खांद्यावर टाकली.

कौतिकाकडं जायचं होतं अजून.
मिरच्या उचलल्या असतील तिनं,
नसतील तर
उद्या.